मापात बसवलेली गाडी

आमच्या हिवरा आश्रमच्या रस्त्यावर एखादी जुनी मारुती ८०० अजूनही दिसते. ही गाडी एवढी लहान का, याचा शोध घेताना मी जपानच्या करपद्धतीपाशी पोहोचलो. तिथे ठरावीक लांबी-रुंदीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना कर कमी. १९७६ मध्ये इंजिनाची ही मर्यादा ५५० सीसी झाली आणि १९७९ मध्ये सुझुकीने आल्टो आणली. कापडाचे माग बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. तीच गाडी ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन डिसेंबर १९८३ मध्ये गुडगावहून आपल्या रस्त्यावर आली.

तोवर महाराष्ट्राची गाडी म्हणजे कुर्ल्याची पद्मिनी. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कारखान्यातली. तिचे इंजिन पुढे, पण ताकद लांब दांड्याने मागच्या चाकांना जाई. मारुतीत इंजिन आडवे बसवलेले आणि ओढणारी चाके पुढचीच. दांडा गेला, वजन घटले. म्हणून ती चटकन पळे आणि पेट्रोलही कमी पिई.

या काटकसरीने अनेक मध्यमवर्गीय घरांना पहिली गाडी दिली, पण कुर्ल्याच्या कामगारांचे काम हिरावले जाण्यातही तिचा वाटा होता. पुढे २०१४ मध्ये मारुती ८०० थांबली, २०२३ मध्ये मुंबईची पद्मिनी टॅक्सीही. परक्या देशातल्या कराचा एक नियम आपल्या गावांचे आणि गिरणगावाशेजारच्या कारखान्यांचे दिवस बदलून गेला, हे मला त्या जुन्या गाडीकडे पाहताना विसरता येत नाही.