लिनक्सचे दप्तर आणि पायथॉन

भोर तालुक्यातील शिवरे या गावी एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारे पंधरावीस संगणक आहेत असे घटकाभर गृहीत धरले, तर त्यांची निगराणी ज्या शिक्षकाकडे असेल त्याला प्रत्येक यंत्रापुढे बसून सॉफ्टवेअर बसवण्याची तीच ती आज्ञा द्यावी लागेल. आणि अशा एकसुरी कामात मनुष्याचे अवधान सहाव्या-सातव्या यंत्रापाशी ढळते, हे कोणत्याही कचेरीतला जुना शिरस्तेदार सांगेल. हे काम पायथॉन या संगणक-भाषेतल्या स्क्रिप्टवर, म्हणजे आज्ञांच्या लेखी मालिकेवर, सोपवता येते; पण त्याआधी लिनक्सवर सॉफ्टवेअर बसते कसे, ते पाहू.

लिनक्सवर सॉफ्टवेअर ‘पॅकेज’ या बांधीव स्वरूपात मिळते व त्यातच ते ज्यांवर अवलंबून आहे अशा इतर पॅकेजांची याद असते. उबुंटूतील ‘एपीटी’ किंवा फेडोरातील ‘डीएनएफ’ हे व्यवस्थापक ती याद वाचून क्रम लावतात. आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावाचून जसा फेरफार सातबाऱ्यावर चढत नाही, तसे भांडाराची डिजिटल स्वाक्षरी पटल्यावाचून ते एरवी काही दाखल करून घेत नाहीत.

फेडोरातील पूर्वीचा व्यवस्थापक ‘यम’ पायथॉनमध्येच लिहिलेला होता आणि 2015 साली त्याची जागा घेणारा डीएनएफही 2024 पर्यंत बहुतांशी त्याच भाषेतला होता. हा आप्तसंबंध सोयीचा खरा, परंतु नव्या आवृत्तीच्या मोहाने ज्यांनी यंत्राचा मूळ पायथॉनच बदलला, त्यांचा यम जागच्या जागी बंद पडला, आणि दुरुस्तीचे साधनच नादुरुस्त झाल्याने त्यांची अवस्था मोठी कठीण झाली. म्हणून स्वतःच्या कामासाठी पायथॉन वेगळा ठेवावा, हा दंडक.

एका यंत्रावरून ‘एसएसएच’ या सुरक्षित जोडणीद्वारे इतर यंत्रांकडे जाणाऱ्या पायथॉन-स्क्रिप्टने प्रथम विचारपूस करावी: पॅकेज आधीच असेल तर हात लावू नये, दुसरी प्रक्रिया चालू असल्याने कुलूप लागले असेल तर ते न तोडता थांबावे, आणि आज्ञेचा निकाल, यशाचा असो वा अपयशाचा, वेळेसह नोंदवावा. एपीटीच्या कर्त्यांनीच स्क्रिप्टमध्ये ‘एपीटी’ या आज्ञेऐवजी ‘एपीटी-गेट’ ही आज्ञा वापरण्याची सूचना दिलेली आहे, कारण पहिलीचे वर्तन आवृत्तीगणिक पालटू शकते. डेबियनचे ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे सुरक्षेच्या सुधारणा आपोआप बसवणारे साधनही पायथॉनचेच. तथापि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलल्यानंतर यंत्र पुन्हा केव्हा सुरू करावे, हा हुकूम मी तरी परीक्षेच्या दिवसांत स्क्रिप्टच्या स्वाधीन करणार नाही.

ज्यांना हे शिकावयाचे आहे त्यांच्यासाठी मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे छोटे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. आरंभ मात्र एकाच यंत्रावर करावा, आणि तोही एपीटी-गेटच्या ‘सिम्युलेट’ या पर्यायाने, ज्यात काय घडेल ते दिसते, पण घडत काही नाही.