तीन मिनिटांत मावलेलं गाणं

भास्करबुवा बखले कसे गात? ज्यांनी त्यांच्या मैफली ऐकल्या त्यांनी भरभरून लिहून ठेवलंय. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या ‘स्वयंवर’ नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली आजही गायल्या जातात. पण १९२२ मध्ये बुवा गेले आणि त्यांच्याबरोबर त्यांचा आवाजही गेला. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका नाही.

तीच गत अल्लादिया खाँसाहेबांची. जयपूर-अत्रौली घराण्याचे हे अध्वर्यू १९४६ पर्यंत हयात होते, म्हणजे मुंबई-पुण्याच्या घरांत ग्रामोफोन चांगला रुळल्यानंतरही. पण त्यांचीही तबकडी निघाली नाही. याउलट त्यांच्या शिष्या, मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकर! त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत बसवली गेली. गुरूचा आवाज पृथ्वीवर कुठे सापडत नाही आणि शिष्येचा मात्र सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर जाऊन पोहोचलाय!

मागे काय उरलं, हे गाणं किती थोर होतं त्यावर ठरलं नाही. यंत्रापुढे कोण जाऊन बसलं, त्यावर ठरलं.

हॉटेलातली मैफल

थॉमस एडिसनने १८७७ मध्ये आवाज पकडणारं यंत्र बनवलं खरं, पण त्याचा धंदा झाला तो एमिल बर्लिनरच्या सपाट तबकडीमुळे. एकदा साचा तयार झाला की त्यावरून हजारो नकला दाबून काढता येत. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीला बाजारपेठ हवी होती. तिने फ्रेड गैसबर्ग या आपल्या तरुण तंत्रज्ञाला पूर्वेकडे पाठवलं. १९०२ च्या अखेरीस तो कलकत्त्यात उतरला आणि हॉटेलच्या खोलीत आपलं सामान मांडून बसला. पहिल्यांदा त्याच्यापुढे गायल्या त्या शशीमुखी आणि फणीबाला या नाटक कंपनीतल्या दोन मुली. गैसबर्गचं त्यावर काही समाधान झालं नाही. मग ११ नोव्हेंबरला आल्या गौहर जान.

मूळचं नाव अँजेलिना. जन्म १८७३, आझमगडचा, आर्मेनियन वंशाच्या कुटुंबातला. आई मलका जान स्वतः नावाजलेली गायिका. दर वेळी नवा पोशाख, नवे दागिने घालून येणाऱ्या गौहरचा थाट पाहून गैसबर्ग चकित झाला होता, तसं त्याने आठवणींत लिहून ठेवलंय. पण त्याहून मोठी गोष्ट होती ती तिची समज. समोर रसिक नाहीत, दाद नाही. भिंतीतून बाहेर आलेला एक कर्णा आणि हातात जेमतेम तीन मिनिटं. एवढ्यात स्थायी, अंतरा, ताना सगळं बसवायचं आणि शेवटी चक्क इंग्रजीत जाहीर करायचं, ‘माय नेम इज गौहर जान!’ मुद्रणं दाबायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या कामगारांना लेबलावर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही युक्ती. तीच पुढे तिची ओळख होऊन बसली. वेगवेगळ्या भाषांतल्या तिच्या सुमारे सहाशे तबकड्या निघाल्या असं मानलं जातं.

मोठमोठे उस्ताद मात्र दूर राहिले. यंत्रात आवाज गेला की गळा बसतो, बंदिशी चोरीला जातात, पानाच्या ठेल्यावर कुणीही सोम्यागोम्या आपलं गाणं वाजवील, अशी नाना कारणं सांगितली जात. त्यातलं शेवटचं कारण तर अगदीच खरं ठरलं! अपवाद होते. अब्दुल करीम खाँ १९०५ च्या सुमारासच रेकॉर्डसाठी गायले. पण सुरुवातीची आघाडी बायकांनीच सांभाळली, आणि त्याही तवायफ आणि नाटकवाल्या. ज्यांना प्रतिष्ठित समाज दिवाणखान्यात घेत नव्हता, त्यांचे आवाज तबकडीवरून थेट माजघरापर्यंत पोहोचले. कोठ्याची पायरी चढण्याची गरज राहिली नाही आणि ज्या घरंदाज बायकांना ती कधी चढताच आली नसती, त्यांनाही ठुमरी ऐकायला मिळाली.

लांबी आणि गळा

एरवी एक राग तास-दीड तास चालायचा. विलंबित खयाल हळूहळू उलगडायचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यामुळे आलापी गेली, थेट मध्य नाहीतर द्रुत लयीत सुरुवात आली. ठुमरी, दादरा, नाट्यपद या मुळातच आटोपशीर प्रकारांचं फावलं. बालगंधर्वांच्या पदाला थिएटरात ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ मिळत आणि पद रंगत जाई. तबकडीवर तेच पद मुठीत मावेल एवढं झालं. वन्समोअर हवा असेल तर सुई उचलून पुन्हा कडेला ठेवायची. अर्थात सुईही नवी घ्यायची, कारण पोलादी सुई एका बाजूपुरतीच धड राही.

हे सगळं नुकसानच होतं असं म्हणणं सोपं आहे. पण अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकणाऱ्याला ते पटत नाही. पसरट काहीच नाही, एकेक स्वर तोलून लावलेला. फुरसत नसण्याचाही काही गुण असावा. लाँगप्लेइंग तबकडी १९४८ मध्ये अमेरिकेत आली आणि १९६० च्या सुमारास अमीर खाँसाहेबांचा मारवा तिच्या एका पूर्ण बाजूवर पसरला, तेव्हा कुठे विलंबित खयालाला घर मिळालं.

मायक्रोफोन येण्याआधी, म्हणजे साधारण १९२५ पर्यंत, आवाजाच्या जोरावरच सुई हलायची. गायकाला कर्ण्यात जवळजवळ डोकं घालून गावं लागे. चढा, धारदार गळा तिथे चालून जाई. तंबोऱ्याची आस बहुतेक हरवून जाई. मायक्रोफोनने मात्र हळुवार, कुजबुजता आवाजही टिपला.

आणि ज्या लाखेपासून या तबकड्या बनत ती जगभर जायची ती मुख्यतः हिंदुस्थानातूनच! छोटा नागपूरच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरचा लाखेचा किडा नसता तर युरोपातल्या गायकांचीही पंचाईत होती.

पेटीतला गुरू

तोवर शिष्याने काय ऐकायचं हे गुरू ठरवत. दुसऱ्या घराण्याचं गाणं कानावर पडू नये याची काळजी घेतली जाई. तबकडीने ही राखण मोडली. गदगमधल्या एका शाळकरी पोराने अब्दुल करीम खाँसाहेबांची तीच ठुमरी रेकॉर्डवर ऐकली आणि असं गाता आलं पाहिजे या ध्यासाने १९३३ साली, अकराव्या वर्षी, घर सोडलं. अनेक गावं पालथी घालून तो अखेर कुंदगोळला खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी पोहोचला. पुढे पंडित भीमसेन जोशी म्हणून देश त्याला ओळखू लागला. बेळगावकडचे कुमार गंधर्व तर लहानपणी रेकॉर्डी ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणत. ती नक्कल ओलांडून स्वतःचं गाणं शोधायला त्यांना पुढे फार मोठी मजल मारावी लागली.

बोलपटांनी हे माप जसंच्या तसं उचललं. १९३५ पासून पार्श्वगायन सुरू झालं. गाणं आधी मुद्रित होऊ लागलं, पडद्यावरचा नट नंतर नुसते ओठ हलवू लागला. गाण्याची लांबी तबकडीच्या एका बाजूएवढी. लांबलं तर उरलेलं दुसऱ्या बाजूला. लाखेच्या तबकड्या इतिहासजमा झाल्या, कॅसेट आली आणि गेली, तरी ती सवय पुरती सुटलेली नाही.

गंमत म्हणजे आपलं नाव ओरडून सांगणाऱ्या गौहरनंतर अर्ध्या शतकाने गायिकेचं नावच गायब होतं. १९४९ च्या ‘महल’मधलं मधुबालावर चित्रित झालेलं गाणं तुफान गाजलं, पण तबकडीवर गायिका म्हणून छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! रेडिओकडे चौकशीची पत्रं जाऊ लागली, ही कामिनी कोण? मग रेकॉर्ड कंपनीकडून नाव कळलं आणि रेडिओवरून ते जाहीर झालं : लता मंगेशकर.