शरीरातील शिसे : काढ्यापेक्षा दक्षता बरी

अन्नपाण्यावाटे काही अनिष्ट धातूही मनुष्याच्या पोटात जात असतात. शिसे, कॅडमियम, पारा व आर्सेनिक हे त्यांपैकी विशेष घातक होत. कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने शिशाचा विचार प्रथम करणे इष्ट आहे. कारण कल्हईची भांडी, हळद आणि शेंदूर या नित्याच्या वस्तूंवाटे ते घरात येऊ शकते. अमुक पाला खाल्ल्याने अथवा तमुक काढा घेतल्याने असे धातू शरीराबाहेर पडतात, असा समज अलीकडे बराच पसरला आहे. तो कितपत खरा आहे व कुटुंबाने प्रत्यक्षात काय करावे, हे पाहू.

शिशाचे शरीरातील वर्तन

पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाचे शरीर सुमारे एक दशांश भाग शोषून घेते. लहान मुलांत हेच प्रमाण निम्म्यापर्यंत जाते. नवे शिसे येणे थांबले, तर रक्तातील शिसे साधारण एका महिन्यात निम्म्यावर येते. परंतु हाडांत साठलेले शिसे कित्येक वर्षे तेथेच राहते आणि गरोदरपणी पुन्हा रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचू शकते. पोटदुखी, बद्धकोष्ठ व पंडुरोग ही शिशाच्या विषबाधेची लक्षणे होत. तथापि पुष्कळदा कोणतेही लक्षण न दिसता मुलांच्या बुद्धीची वाढ खुंटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाचे निर्धोक असे कोणतेही प्रमाण नाही.

शिसे येण्याचे मार्ग

कल्हई ही मुळात हितकारक आहे. पितळेच्या उघड्या भांड्यात ताक, चिंच किंवा आमसुलाचे सार कळकते. कथिलाचा लेप त्याला प्रतिबंध करतो. मात्र शिसे कथिलापेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे त्याची भेसळ होण्याचा संभव असतो, आणि मग आंबट पदार्थांत तेच शिसे उतरते. म्हणून कल्हई करवून घेताना कांडी पाहावी. शुद्ध कथिलाची कांडी वाकविली असता करकर आवाज येतो. शिशाची कांडी कागदावर ओढली असता करडी रेघ उमटते. अल्प भेसळ या परीक्षेने कळत नाही. म्हणून कथील खात्रीच्या दुकानातून स्वतः आणून कल्हईवाल्यास द्यावे.

हळकुंडे अधिक पिवळी दिसावीत म्हणून त्यांना शिशाचा क्रोमेट रंग चोळण्याचा प्रकार काही व्यापारी करतात. कायद्याने त्यास बंदी आहे. हा रंग अख्ख्या हळकुंडालाच लावला जात असल्याने केवळ पूड न घेता हळकुंड घेतले म्हणजे भागले असे नाही. भडक पिवळी हळद टाळावी व ओळखीच्या शेतकऱ्याकडील बिनरंगी हळद घ्यावी. ज्यांच्या शेतात हळद होते त्यांनी घरापुरती शिजवून व वाळवून ठेवावी, आणि विक्रीच्या मालासही रंग लावू देऊ नये.

शेंदूर हा परंपरेने शिशाचाच बनतो. देवाला शेंदूर लावल्यावर हात धुवावेत व लहान मुलांच्या तोंडात तो जाऊ देऊ नये. ट्रॅक्टरच्या किंवा मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या घराजवळ फोडू नयेत. बॅटरीच्या कामावरून आलेल्याने कपडे बदलल्यावाचून मुलांस जवळ घेऊ नये.

वनस्पती व औषधे

कोथिंबिरीचा काही उपयोग उंदरांवरील प्रयोगांत दिसला. परंतु माणसाच्या शरीरातील शिसे तिने निघते असा भरवशाचा पुरावा नाही. गूळ खाल्ल्याने पोटात गेलेली घाण निघते, ही समजूतही अशीच आहे. कोथिंबीर आणि गूळ खाण्यास हरकत नाही. मात्र औषध म्हणून त्यांवर विसंबू नये. भस्मांच्या बाबतीत तर अधिक सावधगिरी हवी. नागभस्म हे शिशाचेच असते. बॉस्टन शहरात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. शिसे काढण्यासाठी घेतलेले औषधच शिसे घालणारे ठरू नये.

आहाराचा खरा उपयोग

आत गेलेले शिसे आहार उपसून काढत नाही. परंतु नवे शिसे शोषले जाण्यास तो अटकाव करतो. शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल, तर त्यांच्या जागी शिसे अधिक घेतले जाते. उपाशी पोटीही ते अधिक शोषले जाते. यासाठी मुलांना वेळेवर व पोटभर जेवण द्यावे. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावडा, चंदगड या डोंगरी भागांत पिकणाऱ्या नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी किंवा आंबील, दूध, कडधान्ये, हिरव्या पालेभाज्या आणि लोह अंगी लागण्यासाठी जेवणात लिंबू किंवा आवळा, एवढी योजना कोणत्याही महागड्या काढ्यापेक्षा उपयुक्त आहे.

शेतातील दक्षता

शहराचे सांडपाणी मिसळलेल्या पाण्यावर पालेभाज्या व कंद घेऊ नयेत. पालेभाज्या कॅडमियम विशेषेकरून उचलतात. पश्चिमेकडील जांभ्या आम्ल जमिनींत हा धातू पिकास अधिक मिळतो. तेथे मातीपरीक्षणानुसार चुना व भरपूर शेणखत घालावे. भाजी वाहत्या स्वच्छ पाण्याने धुऊन घ्यावी.

ग्रामकार्यकर्त्यांचे काम

एखाद्या घरात शंका आल्यास प्रथम भांडी, हळद, शेंदूर, औषधे व घरच्यांचा व्यवसाय यांची चौकशी करावी, आणि मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. निदान रक्ततपासणीनेच होते. शिसे फार वाढले असता ते काढण्याची औषधे आहेत. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावयाची असतात.

मार्ग बंद करण्याचे फळ काय मिळते, हे बांगलादेशाच्या अनुभवावरून दिसते. तेथे २०१९ साली बाजारातील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे सापडले होते. सरकारने लोकांस जागे केले, भेसळ करणाऱ्यांस दंड केला. आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. हळदगिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही उतरले. ते कोणत्याही पाल्याने उतरले नव्हते; भेसळ थांबली म्हणून उतरले.