टपावरचा माणूस डब्यात आला

इंडोनेशियाच्या जकार्तात एकेकाळी लोकलच्या टपावर बसून शेकडो कामकरी कामावर जात. डब्यात पाय ठेवायला जागा नाही, काहींजवळ तिकिटाला पैसे नाहीत. डोक्यावर विजेची तार! रेल्वेने काय केले? जानेवारी २०१२ मध्ये रुळांवर काँक्रीटचे गोळे टांगले. टपावर बसाल तर डोके फुटेल, हा धाक!

पण खरा फरक पडला २०१३ मध्ये. जपानहून आणलेल्या जुन्या, पण बंद दारांच्या वातानुकूलित गाड्या सगळीकडे धावू लागल्या. सरकारी अनुदानाने त्यांचे भाडे उतरले. टप रिकामे झाले.

वाचकहो, आम्हाला एवढेच म्हणायचे आहे: गरिबाला शिस्त शिकवण्याआधी त्याला बसायला जागा द्या.