कोशिकाद्रव्य-विभाजन
कोशिकेच्या (पेशीच्या) केंद्रकाचे विभाजन पुरे होत आले असता तिचे उरलेले जीवद्रव्य दोन अपत्य कोशिकांत वाटले जाण्याची क्रिया. प्राण्यांत कोशिकापटलाखाली ॲक्टिन व मायोसीन या प्रथिनांचे कडे बनते. ते आवळत गेल्याने मध्यावर खाच पडते आणि ती बाहेरून आत जात कोशिका दुभंगते. रे रॅपपोर्ट यांनी १९६१ मध्ये सँड डॉलर या कंटकचर्मी प्राण्याचे अंडे काचेच्या बारीक गोळीने दाबून कंकणाकृती केले, तेव्हा ज्या दोन ध्रुवांमध्ये तर्कू वा गुणसूत्रे नव्हती तेथेही खाच पडली.

वनस्पतींत ताठर कोशिकावरणामुळे असे आवळणे शक्य नसते. तेथे गॉल्जी पिंडापासून आलेल्या सूक्ष्म पिटिका मध्यभागी जुळून कोशिकापट्ट बनतो व तो आतून बाहेर वाढत जुन्या आवरणास मिळतो. मिळण्याची रेषा बहुधा आधीच सूक्ष्मनलिकांच्या पट्ट्याने आखलेली असते. हा पट्टा गव्हाच्या रोपांत १९६६ मध्ये आढळला. वनस्पतींच्या कोशिका जागा बदलत नसल्याने या आखणीचे महत्त्व मोठे आहे.

केंद्रकविभाजनानंतर ही क्रिया लगेच घडतेच असे नाही. कोवळ्या शहाळ्याच्या पाण्यात केंद्रके मोकळी असतात. आवरणे मागाहून बनून खोबरे तयार होते. प्राण्यांत ती फसल्यास गुणसूत्रांचे संच दुप्पट होतात. यकृतात अशा कोशिका नेहमीच्याच. इतरत्र त्या कर्करोगास वाट करून देऊ शकतात.