आयकर छाननी आणि ऑनलाइन खासगीपणा: संशोधनाचा प्रश्न नेमका कुठे आहे?

पीएचडीसाठी विषय शोधणाऱ्या ज्युनिअर मित्रमैत्रिणींकडून गेल्या वर्षभरात एक प्रश्न सारखा येतोय. "आयकरवाले आता आपलं व्हॉट्सअॅप वाचणार म्हणे. यावर संशोधन करता येईल का?" येईल. पण हा प्रश्न असाच्या असा घेऊन गाईडकडे जाऊ नका. पहिल्या दहा मिनिटांत तो गळून पडेल. विषय चांगला आहे, फक्त त्यातला जिवंत भाग बातम्यांनी दाखवला त्या जागी नाही.

आधी शब्द सुटे करू. मराठीत आपण सगळ्यालाच "ऑडिट लागलं" म्हणतो, पण कायद्यात या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. टॅक्स ऑडिट म्हणजे ठरावीक उलाढालीच्या वरच्या व्यावसायिकाने स्वतःच्या सीएकडून करून घ्यायचं लेखापरीक्षण. त्यात खातं कुणी येऊन तपासत नाही. छाननी, म्हणजे स्क्रूटिनी, ही आयकर विभागाने भरलेल्या रिटर्नची केलेली तपासणी. ती आता बहुतेक ऑनलाइन आणि चेहराविरहित असते. सर्व्हे म्हणजे अधिकारी व्यवसायाच्या जागी येऊन हिशेब बघतात. आणि झडती-जप्ती म्हणजे ज्याला आपण धाड म्हणतो ती. यातल्या प्रत्येक ठिकाणी सरकारचा अधिकार वेगळा, तुमचा हक्क वेगळा. "ऑडिट आणि प्रायव्हसी" असा प्रस्ताव लिहिलात तर समितीतला कुणीतरी पहिलाच प्रश्न विचारेल, "यातलं कुठलं?"

आता बातमी बघू. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू. त्याच्या कलम २४७ मध्ये झडतीचे अधिकार आहेत आणि त्यात "आभासी डिजिटल अवकाश" ही नवी कल्पना आली. तिच्या व्याख्येत ईमेल सर्व्हर, सोशल मीडिया खातं, ऑनलाइन बँक आणि ट्रेडिंग खातं, क्लाउड सर्व्हर असं सगळं येतं. पासवर्ड मिळत नसेल तर तो ओलांडून आत जाण्याचा अधिकारही दिला आहे. गदारोळ झाला तो यावर. विभागाने खुलासा केला की हा अधिकार सामान्य छाननीसाठी नाही, झडतीपुरता आहे. कलमाची भाषा वाचली तर ते बरोबर आहे.

पण इथे थांबू नका, मूळ कायदा उघडा. जुन्या १९६१ च्या कायद्यात कलम १३२ खाली किल्ली मिळाली नाही तर दार, पेटी, कपाट, तिजोरी यांचं कुलूप तोडता येत होतं. २००२ मध्ये त्यात इलेक्ट्रॉनिक स्वरूपातले हिशेब तपासू देण्याची सक्ती आली. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की व्हॉट्सअॅप संदेशांवरून २०० कोटींची बेहिशेबी रक्कम उघड झाली आणि गुगल मॅप्सच्या नोंदींवरून रोकड लपवण्याच्या जागा सापडल्या. हे सगळं जुन्या कायद्याखाली घडलेलं! म्हणजे अंमल आधी आला, शब्द नंतर लिहिले गेले. "नव्या कायद्याने नवा अधिकार दिला" हे गृहीतक धरून प्रबंध सुरू केलात तर पाया कच्चा राहील.

नव्या कलमात कुलूप आणि पासवर्ड एकाच वाक्यात शेजारीशेजारी बसवले आहेत. जणू मेलबॉक्स म्हणजे एक कपाटच. मला इथे खरी गंमत वाटते. कपाटात साधारण कपाटवाल्याच्या वस्तू असतात. मेलबॉक्समध्ये डॉक्टरचा रिपोर्ट असतो, बहिणीचं भांडण असतं, पक्षकाराने वकिलाला लिहिलेलं पत्र असतं. झडतीचं वॉरंट एकाच्या नावाने, उघडी पडतात पन्नास माणसं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये राइली खटल्यात मोबाइल म्हणजे खिशातली साधी वस्तू नव्हे, असं म्हणत पोलिसांना त्यासाठी वेगळं वॉरंट घ्यायला लावलं. आपल्याकडे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि १९५४ च्या एम. पी. शर्मा निकालातलं उलट मत बाजूला सारलं. पण १९७३ चा पूरणमल निकाल, ज्यात बेकायदा झडतीत मिळालेला पुरावाही वापरता येतो असं म्हटलं आहे, तो एम. पी. शर्माच्या आधारावर उभा आहे. पाया गेला, इमारतीचं काय? विधी शाखेत असाल तर हा एक प्रश्नच तीन वर्षं पुरेल.

तरीही माझं मत असं की जास्त माणसांना लागू होणारा प्रश्न धाडीच्या आधी आहे. धाडीसाठी अधिकाऱ्याला निदान "विश्वास ठेवण्याचं कारण" लिहून ठेवावं लागतं. २०१७ च्या दुरुस्तीने ते कारण करदात्याला किंवा अपिलीय न्यायाधिकरणाला दाखवायचं नाही असं ठरवलं, हे वाईटच. पण कागदावर कारण असतं आणि उच्च न्यायालय ते मागवून बघू शकतं. छाननीसाठी रिटर्न निवडताना काय होतं? बरीचशी निवड संगणक करतो. निकष जाहीर नसतात.

त्या निवडीसाठी माहिती कुठून येते हे बघायचं असेल तर आत्ता आयकर पोर्टलवर जाऊन स्वतःचं एआयएस, म्हणजे वार्षिक माहिती विवरणपत्र, उघडा. फेलोशिपवर जगणाऱ्या आपल्यासारख्यांचंही असतं. बचत खात्याचं व्याज, विकलेले शेअर, आलेला लाभांश. बचत खात्यात वर्षाला १० लाख रोख भरले, क्रेडिट कार्डाची १० लाखांची बिलं भरली, मोठ्या किमतीची मालमत्ता घेतली, की ती नोंद संस्था परस्पर विभागाला देते. कुणी दार वाजवत नाही, पासवर्ड विचारत नाही. चुकीच्या नोंदीवर अभिप्राय देण्याची सोय आहे, पण त्या नोंदीवरून यंत्राने तुमच्याबद्दल काय निष्कर्ष काढला, ते तिथे दिसत नाही. आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा आधार घ्यावा, तर कलम १७ मध्ये कायद्याच्या उल्लंघनाच्या तपासासाठी संमतीपासून माहिती मागण्याच्या हक्कापर्यंत बहुतेक गोष्टींना सूट आहे.

तुलनेसाठी फ्रान्स घ्या. तिथे २०२० च्या अर्थसंकल्पी कायद्यात सोशल मीडियावरची सार्वजनिक माहिती यंत्राने गोळा करून करचोरी शोधायला तीन वर्षांची प्रायोगिक परवानगी दिली. घटना परिषदेने डिसेंबर २०१९ मध्ये योजना बहुतांशी मान्य केली, पण एक तुकडा कापला: नोटीस देऊनही ज्याने रिटर्न भरलं नाही, त्याच्यासाठी ही माहिती गोळा करायची नाही. कारण त्याचा दोष सरकारला आधीच माहीत आहे, मग यंत्र कशाला? "प्रमाणबद्धता" हा शब्द पुस्तकात वाचून कळत नाही, या कापलेल्या तुकड्यातून कळतो.

दुसरं टोक नेदरलँड्सचं. तिथल्या कर खात्याने बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांत धोका मोजताना नागरिकत्व हाही निकष धरला. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका आला, पैसे परत मागितले गेले, घरं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये अख्ख्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डेटा संरक्षण प्राधिकरणाने कर खात्यालाच २७.५ लाख युरो दंड केला. लक्षात घ्या, यात कुणाचा पासवर्ड तोडला गेला नव्हता. सरकारकडे आधीच असलेली माहितीच वापरली होती.

मग प्रस्ताव कसा लिहायचा? निवडीचे निकष मिळतील असं धरून पद्धत आखू नका. माहिती अधिकारातही ते हाती लागण्याची शक्यता फार कमी, आणि "डेटा कुठून आणणार?" हा प्रश्न येणारच. जे उघड्यावर आहे त्यावर बांधा. २०२५ च्या विधेयकावरचा प्रवर समितीचा अहवाल, संसदेतली उत्तरं, झडतीला आव्हान देणाऱ्या रिट याचिकांवरचे उच्च न्यायालयांचे निकाल. पुट्टस्वामीनंतरच्या निकालांत खासगीपणाचा मुद्दा किती वेळा मांडला गेला आणि न्यायालयाने त्याला उत्तर दिलं की बगल दिली, एवढं मोजलंत तरी एक प्रकरण होतं. सुरुवात मुंबई उच्च न्यायालयापासून करा, निकाल संकेतस्थळावर मोफत आहेत. वाचताना प्रत्येक निकालापुढे एकच रकाना ठेवा: मोबाइलमधली माहिती न्यायालयाने "कपाट" मानली का?