विटेचा सांचा आणि भाताचें खाचर

सांच्यांत घालून ज्यास आकार द्यावयाचा त्या पदार्थाच्या अंगीं दोन गुण असावे लागतात. ओला असतांना तो वळवावा तसा वळला पाहिजे, आणि सुकल्यावर घेतलेला आकार त्यानें सोडतां कामा नये. भातसानगर, शहापूर व मुरबाड या टापूंत हे दोन्ही गुण भातखाचराच्या मातींत आयते सांपडतात. भात निघून खाचरें मोकळीं झालीं कीं वीटभट्टीवाले बांधावर येऊन उभे राहतात तें याचसाठीं. रोख रक्कम हातीं येते, शेत जागच्या जागीं राहतें, मग बिघडलें काय, असें पुष्कळ खातेदारांस वाटतें. तेव्हां ही माती सांच्यांत कां बसते व ती गेल्यावर शेतांत काय उरतें, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

विटेस निव्वळ चिकण माती चालत नाहीं; ती सुकतांना आंवळते व वीट तडकते. नुसती रेताड माती घेतली तर वीट सांच्यांतून निघतांनाच ढांसळते. दोहोंचा मेळ लागतो, आणि तो खाचरांत साधलेला असतो. मातींत चुनखडीचे खडे मात्र नसावेत. भट्टींत त्यांचा कळीचा चुना होतो व पहिलें पाणी लागतांच तो फुगून वीट फोडतो. माती भिजवून तींत भाताचें तूस व राख मिसळतात. तुसामुळें गारा मोकळा होतो, वीट सारखी सुकते आणि भट्टींत तूस आंतल्या आंत जळून इंधनाचेंहि काम करतें.

सांचा लांकडी असो वा लोखंडी, तो भाजलेल्या विटेपेक्षां मोठा करावा लागतो, कारण सुकतांना व भाजतांना माती साधारणतः दशांशाच्या आसपास आंवळते. आंतून वाळू किंवा राख भुरभुरतात, अगर दर खेपेस सांचा पाण्यांत बुचकळतात, म्हणजे गारा चिकटत नाहीं. हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. दिवसभर उन्हांत उकिडवीं बसून विटा थापणारीं कातकरी कुटुंबें तें बहुधा आगाऊ घेतलेल्या उचलीपोटीं करतात. विटेच्या किंमतींत त्यांचा वांटा किती, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

आतां शेताकडे वळूं. एक एकर क्षेत्र एक फूट खणलें म्हणजे 43,560 घनफूट, अर्थात् सुमारें 435 ब्रास माती निघते. ब्रासास ढोबळ मानानें हजार विटा धरल्या तरी ही चार लाखांहून अधिक विटांची माती झाली. वरच्या सहा इंचांचें वजन एकरीं सुमारें 9 लाख किलो भरतें. तींत सेंद्रिय कर्ब शेंकडा 0.6 धरला तर 5,400 किलो कर्ब गाड्यांत भरून गेला. शेणखतानें तो भरून काढूं म्हणणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें कीं, खतांतील कर्बाचा मोठा भाग आपल्या उष्ण हवेंत लवकरच कुजून उडून जातो.

याहूनहि मोठें नुकसान डोळ्यांस दिसत नाहीं. पिढ्यान्‌पिढ्या चिखलणी करून नांगरटीच्या तळाशीं एक घट्ट थर बसलेला असतो. खाचरांत पाणी टिकतें तें त्याच्याच जोरावर. तो फुटून खालचा मुरूम उघडा पडला कीं पावसानें चार दिवस दडी मारतांच शेत कोरडें पडतें. शिवाय खालीं गेलेल्या शेतामुळें शेजाऱ्याचा बांध ढांसळतो व तंटा उभा राहतो तो निराळाच.

उंचवट्यावरचें, पाणी न चढणारें शेत खालीं उतरवावयाचें असेल तर माती विकण्यास हरकत नाहीं. मात्र वरची सहा ते नऊ इंच माती आधीं बाजूस रचावी, खालची द्यावी व वरची पुन्हां पसरावी. त्यानंतर दोन-तीन वर्षें ताग किंवा धैंचा गाडून चिखलणी कसून करावी. भट्टीवाल्यास वरचीच माती हवी असते, म्हणून तो ही अट टाळूं पाहील.

विटेची माती गौण खनिज गणली जाते; तहसीलदाराची परवानगी व स्वामित्वधन यांवांचून ती उचलूं देऊं नये. पिकाऊ मातीचा हा उपसा आटोक्यांत आणण्यासाठीं केंद्र सरकारनें 14 सप्टेंबर 1999 रोजीं अधिसूचना काढून औष्णिक वीजकेंद्राभोंवतीं 50 किलोमीटरांत विटांमध्यें त्या केंद्राची राख वापरणें बंधनकारक केलें. 2016 मध्यें हें अंतर 300 किलोमीटर झालें. नाशिकजवळचें एकलहरें व डहाणू हीं दोन्ही ठिकाणें आपल्यापासून त्या अंतरांत येतात. राखेची वीट राख, वाळू आणि सिमेंट किंवा चुना यांची, यंत्राच्या सांच्यांत दाबून करतात. ती भाजावी लागत नाहीं, पाणी मारून पक्की होते. घर बांधणाऱ्या शेतकऱ्यानें तरी ती आधीं पाहावी.

इतकें असूनहि ज्यास माती विकणें भाग आहे, त्यानें सौदा एकरावर न करतां ब्रासावर करावा, खोली करारांत लिहून घ्यावी, आणि मोजणी होईपर्यंत शेताच्या मध्यें न खणलेला मातीचा खुंट उभा राखावा.